फोटो खोटा, बेड्या खऱ्या

५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात महाराष्ट्रातले ३ जण होते. त्याच सुमारास बेड्या घातलेल्या माणसांचा एक फोटो व्हायरल झाला. तो ग्वाटेमालाला पाठवलेल्यांचा होता, असं पीआयबीने स्पष्ट केलं. तेवढ्यावरून बेड्यांची गोष्टच अफवा ठरवणं मात्र चूक. भारतीयांना बेड्या घालून विमानात चढवतानाचा व्हिडिओ अमेरिकेच्या सीमा गस्त दलाच्या प्रमुखांनीच टाकला होता!

खरा वाद वेगळाच आहे. जेवतानाही हात सोडले नाहीत, असं परतलेल्या काहींनी सांगितलं. परराष्ट्रमंत्री जयशंकर राज्यसभेत म्हणाले, की शौचालयासाठी गरजेनुसार बेड्या काढतात. महिला-मुलांना बांधत नाहीत. पण ही माहिती त्यांना दिली होती अमेरिकी यंत्रणेनेच.