कोल्हापुरी चपलेचा पत्ता : लघुउद्योगांची संकेतस्थळे आणि मालकीचा प्रश्न

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या फॅशन कंपनीच्या सादरीकरणात कोल्हापुरी चपलेशी विलक्षण साम्य असलेले पादत्राण झळकले आणि देशभर वाद उठला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे आठ जिल्हे त्यात येतात. आपली प्रेरणा भारतीय असल्याचे कंपनीनेही नंतर मान्य केले. चर्चा झाली ती बव्हंशी श्रेयाची. व्यापाराच्या अंगाने एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला : कुतूहलाने इंटरनेटवर शोध घेणाऱ्या दिल्लीच्या किंवा लंडनच्या ग्राहकाला, चप्पल प्रत्यक्ष घडवणारा कारागीर कोठे सापडावा?

बहुतेक लहान व्यावसायिकांचे उत्तर व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम हे आहे. ते चुकीचे नाही. खर्च नाही आणि ग्राहक तेथेच आहे. परंतु ही परक्याच्या ओसरीवर मांडलेली दुकाने आहेत. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा तेथे जमवलेला ग्राहकवर्ग एका दिवसात हातचा गेला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास ठप्प होते. गूगलने व्यवसायांना दिलेली फुकट संकेतस्थळेसुद्धा मार्च २०२४ मध्ये बंद करण्यात आली. फुकटाची मुदत देणाराच ठरवतो.

त्यामुळे स्वतःच्या संकेतस्थळाचे नियोजन रंगसंगतीपासून नव्हे, तर नावापासून सुरू व्हावयास हवे. '.इन' हे भारताचे नाव २००५ पासून सर्वांसाठी खुले आहे, तर देवनागरीतील '.भारत' २०१४ पासून उपलब्ध आहे. मराठी नाव अभिमानाचे खरे, पण अनेक संगणकप्रणाली असा पत्ता अद्याप नीट स्वीकारत नाहीत. म्हणून तो जोडीला घ्यावा, एकमेव ठेवू नये. याहून महत्त्वाची बाब नोंदणीची. संकेतस्थळ तयार करणारा तंत्रज्ञ सोयीसाठी नाव स्वतःच्याच खात्यावर नोंदवतो आणि पुढे व्यवहार बिनसला की दुकानाची पाटीच त्याच्या ताब्यात राहते. '.इन' नावांच्या तंट्यांसाठी लवादाची सोय आहे. परंतु तेथे आपला हक्क आणि समोरच्याचा दुष्ट हेतू सिद्ध करावा लागतो. दोन-चार कारागिरांच्या कारखान्याला ती दगदग परवडणारी नाही. नोंदणी मालकाच्या नावे, मालकाच्या ई-मेलवर आणि नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, एवढे पहिल्या दिवशी केले तरी पुष्कळ झाले.

मजकुराबाबत सर्वाधिक हयगय होते. 'दर्जा हेच आमचे ध्येय' अशा वाक्यांनी मुखपृष्ठ भरते आणि ग्राहकाला हवी ती माहिती मिळत नाही. चपलेच्या बाबतीत ती माहिती म्हणजे मुख्यतः माप. भारतीय, ब्रिटिश आणि युरोपीय क्रमांकांत फरक असल्याने पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये कशी मोजावी, हे चित्रासह सांगणे आवश्यक आहे. न बसलेली चप्पल परत येते, तेव्हा दोन्ही बाजूंचे टपाल विक्रेत्याच्या माथी बसते आणि लहान ऑर्डरमधील नफा तेथेच संपतो. चामडे कोणते, जोड तयार होण्यास किती दिवस लागतात, पावसाळ्यात ती वापरावी का, हेही लिहावे. शेवटच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर विक्री थोडी कमी करील, तक्रारी त्याहून अधिक कमी करील.

कायद्याची बाजू कोरडी, पण टाळता न येणारी. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील दाखवावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. वस्तू व सेवा कराचा मुद्दा अधिक अडचणीचा आहे. राज्याबाहेर माल विकताच उलाढाल कितीही अल्प असली तरी नोंदणी लागते. अधिसूचित हस्तकला वस्तूंना अटींसह सवलत आहे. संकेतस्थळ मुळातच राज्याची सीमा ओळखत नसल्याने हा प्रश्न पहिल्याच ऑर्डरला उभा राहतो. तेव्हा कर सल्लागाराची भेट संकेतस्थळ सुरू होण्यापूर्वी व्हावी. पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्याही परतावा आणि गोपनीयतेची धोरणे जाहीर केल्याशिवाय सहसा खाते सुरू करत नाहीत. ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवण्यास ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना मनाई आहे. हे ओझे तेव्हापासून कार्ड देणाऱ्या बँका आणि कार्ड नेटवर्क यांच्यावर गेले, ही लहान दुकानदाराच्या दृष्टीने इष्टापत्तीच म्हणावी लागेल.

प्रत्यक्ष उद्घाटन गाजावाजाने, दिवाळीच्या तोंडावर करण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात धोका आहे. आधी नात्यातील चार माणसांकडून खरी मागणी नोंदवून, पैसे भरून, माल टपालाने पाठवून आणि एक जोड परत मागवून पाहिला, तर कच्चे दुवे आपोआप उघडे पडतात. साध्या मोबाइलवर, मंद जोडणीवर छायाचित्रे उघडतात का, हेही तेव्हाच कळते.

वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा या साऱ्यात नवी भर आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाच्या आहेत. ग्राहकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक कशासाठी घेतला, हे त्याला सांगून संमती घेणे त्यात अभिप्रेत आहे. आज वहीत किंवा मोबाइलमध्ये ग्राहकांची यादी ठेवणाऱ्या कारखानदाराला संकेतस्थळाचा अर्ज तयार करतानाच तो बदल करून घेता येईल. नंतर तोच तंत्रज्ञाकडून दुसऱ्यांदा पैसे मोजून करावा लागेल.