कंद उकरू नका, पाणी थांबवा

थंडीची चाहूल लागली, की अमरिलिस लिली लावणाऱ्यांपुढे दरवर्षी तोच प्रश्न येतो: कुंडी घरात घ्यावी, की कंद उकरून, माती झटकून, कागदात गुंडाळून ठेवावा? परदेशी पुस्तके, बागकामाचे व्हिडिओ आणि आयात कंदांच्या खोक्यांवर छापलेल्या सूचना बहुधा घराच्या आत न्यायलाच सांगतात. त्या सूचना चुकीच्या नाहीत. फक्त त्या आपल्यासाठी लिहिलेल्या नाहीत. नेदरलँड्समध्ये किंवा कॅनडात हिवाळ्यात जमीन गोठते आणि गोठलेल्या मातीत हा कंद मरतो, म्हणून तिथल्या माळ्याला तो हलवावाच लागतो. महाराष्ट्रात जमीन गोठत नाही. त्यामुळे इथे हा कंद हिवाळाभर उघड्यावर, आहे त्या जागीच राहू द्यावा आणि बदलायचेच असेल तर पाणी देण्याचे वेळापत्रक बदलावे, असे माझे ठाम मत आहे.

ही वनस्पती मुळात कुठली, हे पाहिले तर यामागचे कारण कळते. बागेत आपण जिला अमरिलिस म्हणतो ती शास्त्रीय वर्गीकरणात हिप्पीअॅस्ट्रम या प्रजातीत मोडते. तिचे घर दक्षिण अमेरिकेत, ब्राझील, पेरू, बोलिव्हिया या देशांत आहे. तिथल्या अनेक जातींना पावसाळ्यात वाढायचे आणि कोरड्या महिन्यांत थांबायचे, अशी सवय आहे. १७९९ मध्ये आर्थर जॉन्सन या इंग्रज घड्याळजीने तिचा पहिला संकर केला. पुढे युरोपात शेकडो वाण तयार झाले, तरी कंदाची ती मूळ सवय सुटलेली नाही. त्याला बर्फ नको असतो, कोरडी विश्रांती हवी असते. व्यापारी उत्पादक कंद काढल्यावर साधारण १३ अंश सेल्सिअस तापमानाला आठ-दहा आठवडे कोरड्या गोदामात ठेवतात. पुण्यात जानेवारीतील सरासरी किमान तापमान ११-१२ अंशांच्या आसपास असते, हवा कोरडी असते आणि दुपारी भरपूर ऊन असते. तिकडे वीज खर्चून जी विश्रांती द्यावी लागते, ती आपल्या अंगणात फुकट मिळते. याउलट घरातल्या फ्रिजचे तापमान चार-पाच अंश असते, म्हणजे पुण्याच्या नेहमीच्या हिवाळी रात्रीपेक्षाही कमी. थंडीपासून वाचवायला म्हणून कंद फ्रिजमध्ये ठेवणे म्हणजे त्याला अधिक थंडीत ढकलणे.

कंद उकरण्याचे दुसरे नुकसान जमिनीखाली होते. या कंदाची जाड, मांसल मुळे हंगामापुरती नसतात. ती वर्षानुवर्षे टिकतात. उकरताना ती तुटली, की पुढच्या हंगामातली बरीच शक्ती नवी मुळे फोडण्यात जाते. फुलाचा हिशेबही वेगळा आहे. कंदाच्या आत साधारण चार पानांमागे एक फुलदांडा तयार होतो आणि त्याची सुरुवात फूल दिसण्याच्या जवळपास वर्षभर आधी झालेली असते. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये दिसणारे फूल आदल्या पावसाळ्यात पानांनी कमावलेल्या अन्नावर पोसलेले असते. पावसाळ्यात लिलीवर काळ्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या येतात आणि पाहता पाहता पाने फस्त करतात. त्या वेळी दुर्लक्ष झाले आणि उन्हाळ्यात फूल आले नाही, तर खापर मात्र थंडीवर फुटते.

यावर पहिला आक्षेप कडाक्याच्या थंडीचा असेल, आणि तो रास्त आहे. निफाड परिसरात काही वर्षी पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो आणि द्राक्षवेलींवर दव गोठते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसतात. पुण्यातही जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंशांची नोंद झाली होती. पण अशा रात्री पृष्ठभागावरचे दव गोठते. चार बोटे खालची माती दिवसाची ऊब धरून असते. पाने करपतील, कंद मरणार नाही. अशा भागात वाफ्यावर पालापाचोळ्याचा किंवा उसाच्या पाचटाचा थर पुरतो. कुंडीतली माती मात्र लवकर गार होते, म्हणून थंडीच्या लाटेत कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवावी. तिला घरात कोंडण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नोव्हेंबर-डिसेंबरात अवकाळी पाऊस आला तर? आपल्याकडे कंदाचा खरा शत्रू थंडी नसून ओल आहे. काळी माती पाणी धरून ठेवते आणि थांबलेला कंद त्या ओलीत सडतो. मात्र याचा उपाय कंद उपटणे नाही, निचरा सुधारणे आहे. वाफा वीतभर उंच करावा, मातीत मुरूम किंवा जाड वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे आणि कंदाचा वरचा तिसरा भाग मातीबाहेर ठेवावा. सोसायट्यांच्या बागांत पाइप धरून सगळ्या झाडांना रोज सारखेच पाणी घातले जाते. अवकाळी पावसापेक्षा ही सवय जास्त कंद कुजवते, कारण पाऊस एखाद-दोन दिवसांचा असतो आणि पाइप रोजचा.

कोकण-गोव्यातले वाचक म्हणतील, आमच्याकडे तर पाने हिवाळ्यातही हिरवीच राहतात, मग विश्रांती कसली? तिथे ती जबरदस्तीने देऊ नये. हिरवे पान अन्न तयार करत असते, ते कापणे म्हणजे पुढचे फूल कापणे. पाणी कमी करावे, पिवळी पडलेली पाने तेवढी काढावीत. आणि ज्यांना नाताळातच फूल हवे असेल, त्यांनी गोदामात ठेवलेला आयात कंद खुशाल आणावा. पण फुलल्यावर तो फेकू नये. ऊन मिळेल अशा जागी तो जमिनीत लावला, तर एक-दोन हंगामांत तो आपल्या ऋतूंशी जुळवून घेतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतो आणि शेजारी पिल्लेही धरतो.

म्हणून या हिवाळ्यात खुरपे बाजूला ठेवा. नोव्हेंबरपासून पाणी कमी करत जा, डिसेंबर-जानेवारीत जवळपास बंद करा, आणि होळीच्या सुमारास शेणखताची मूठ घालून पुन्हा सुरू करा. बागकामाचा सल्ला कितीही नामांकित पुस्तकातला असो, तो आपल्या माती-हवेशी ताडून पाहिल्याशिवाय अमलात आणू नका.