आधी कागद की आधी डोळा?
जन्मजात मोतीबिंदूवर पहिल्या काही महिन्यांत शस्त्रक्रिया न झाल्यास मेंदू नीट पाहायला शिकत नाही. पुढे शस्त्रक्रिया होऊनही दृष्टी पुरती लाभत नाही. दिल्लीच्या रोहिंग्या वस्तीतील अशा बालकाकडे आधी आधार कार्ड मागणे म्हणजे त्याला अंधत्वाची शिक्षा फर्मावणेच होय. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही, ही सबब लंगडी आहे. बालहक्क करार आपण १९९२ मध्ये स्वीकारला. घटनेचे २१ वे कलम ‘नागरिक’ नव्हे, ‘व्यक्ती’ म्हणते. चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. धनिकांच्या नेत्रशिबिरांवर विसंबणे म्हणजे हक्काची भीक करणे. साथींनो, त्या बालकासोबत सरकारी रुग्णालयात जा. उपचार मागा, दया नव्हे!