‘मानधन’ या शब्दाचा हिशेब

व्याख्यात्याला, परीक्षकाला, समारंभाच्या पाहुण्याला आपण मानधन देतो. त्याचा चरितार्थ त्या रकमेवर चालत नाही, हे त्यात गृहीत असते. आणि रक्कम थोडी वाटली तरी घेणाऱ्याने तक्रार करू नये, असाही संकेत असतो. अंगणवाडी सेविकेला व मदतनिसाला महिन्याकाठी सरकार जे पैसे देते त्यालाही सरकारी भाषेत मानधनच म्हणतात. देशभरातील या स्त्रियांची संख्या २५ लाखांच्या आसपास आहे, आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रियांची चूल त्याच पैशावर पेटते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. सेविकेला तेव्हा महिन्याला शंभर रुपये मिळत, मॅट्रिक असेल तर दीडशे. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेसाठी ४,५०० आणि मदतनिसासाठी २,२५० रुपये ठरवले, आणि २०२४ साल संपेपर्यंत त्यात एका पैशाची भर घातली नाही. या काळात तेल, डाळी, गॅस यांचे भाव कोठे गेले हे वाचकांना सांगायला नको. राज्ये आपापल्या मर्जीने त्यात भर घालतात. म्हणजे काम एकच, योजना एकच, पण राज्याची हद्द ओलांडली की मोबदला निराळा. नियमित सरकारी सेवेत असा प्रकार कोणी एक दिवस खपवून घेईल काय?

काम तरी कसले? तीन ते सहा वर्षांची मुले जमवायची, शिकवायची, खाऊ घालायची, वजन-उंची मापायची, गरोदर व स्तनदा मातांच्या घरी जायचे, लसीकरणाच्या दिवशी बायाबापड्यांना गोळा करून आणायचे. शिवाय सर्वेक्षणे आहेतच, कित्येक ठिकाणी मतदारयाद्याही. खोलीचे भाडे, सरपण, भाजीपाला यांची बिले महिनोन्‌महिने अडकून राहतात, आणि तोवर गावच्या दुकानदाराकडे उधारी चालते ती सेविकेच्या नावावर, खात्याच्या नव्हे. मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे लचांड मागे लागले. खात्याने दिलेले फोन इतके सुमार होते की महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये ते प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन टाकले. फोन बंद पडला तरी माहिती भरलीच पाहिजे, नाही भरली तर मानधन कापू, असा हा व्यवहार. जी सेवा स्वेच्छेची, तिच्यात कापाकापी कशी होते, हे खात्याने एकदा समजावून सांगावे.

या व्यवहाराचे खरे रूप संपाच्या वेळी उघडे पडते. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने अंगणवाडी सेविकांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजे मेस्मा, लावला. विधिमंडळात गदारोळ झाला तेव्हा त्याला स्थगिती देणे भाग पडले. मार्च २०२२ मध्ये दिल्लीत असाच कायदा लावला गेला आणि शेकडो जणींना कामावरून काढण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात तेच. तिन्ही ठिकाणची सरकारे निरनिराळ्या पक्षांची होती, हे ध्यानात घ्यावे. काम बंद पडले की सेवा अत्यावश्यक, आणि पगाराची गोष्ट काढली की सेविका मानसेवी! मालकाचे सर्व अधिकार घ्यायचे आणि मालकाची एकही जबाबदारी पत्करायची नाही, ही युक्ती खाजगी कारखानदाराने केली तर तोच सरकारी कामगार आयुक्त निदान नोटीस तरी काढतो.

आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासात या लबाडीला जुने नाव आहे. ‘अंगणवाडी’ हा शब्द मूळचा मराठी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गरिबांच्या पोरांसाठी काम उभे केले, त्यातून तो आला आणि पुढे पंजाबपासून केरळपर्यंत गेला. त्याच वर्षी, २३ मे रोजी, तेथून फार दूर नसलेल्या झरी गावी वारली जमले, आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्यासह त्यांनी जमीनदाराची वेठ यापुढे करायची नाही असे ठरवले. बोर्डीच्या अंगणातून निघालेल्या कामाला पुढे सरकारी वेठीचे रूप येईल, असे ताराबाईंच्या मनातही आले नसेल.

२०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजनाकर्मींना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस केली. त्या परिषदेत सरकार स्वतः बसले होते. शिफारस मात्र कागदावर राहिली.

येथे आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. आपले मोर्चे वर्षानुवर्षे ‘मानधन वाढवा’ अशा घोषणा देत निघाले. ही घोषणा देताना आपण सरकारचा शब्द स्वीकारतो आणि मग त्या शब्दाच्या आत राहून रकमेची घासाघीस करतो. ज्या बाईला या महिन्याचे वाण्याचे देणे चुकवायचे आहे तिला पाचशेची वाढही मोठी असते, हे मी नाकारत नाही. तिच्यापुढे तत्त्वज्ञान सांगणाऱ्याला ती हाकलून देईल आणि ते योग्यच होईल. पण वाढ मिळाली की आंदोलन थंडावते, हाही अनुभव आहे. महाराष्ट्रात दिवाळीला सेविकांना बोनस मिळत नाही, ‘भाऊबीज भेट’ मिळते. कित्येक वर्षे ती २,००० रुपयांची होती. बोनस नाकारला तर भांडता येते. ओवाळणी कमी पडली म्हणून भावाशी कोण भांडणार? शासनाने हे नाव मोठ्या विचाराने निवडले असावे, आणि आपण ‘भाऊबीज वाढवा’ असे निवेदन देऊन त्याला मान्यताच दिली.

२००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका नागरी पदावर नाहीत असे म्हटले होते. २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने गुजरातेतील दाहोदच्या सेविका-मदतनिसांच्या दाव्यात त्यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे उपदान मिळाले पाहिजे असा निर्णय दिला, आणि मानधन ही त्या कायद्याच्या अर्थाने मजुरीच आहे असे मानले. या निकालाचा उपयोग आपल्या किती शाखांनी केला? निवृत्त होणाऱ्या प्रत्येक सेविकेला अर्ज भरायला बसवणे, नेमणुकीचा जुना कागद शोधून देणे, तो नसेल तर हजेरीपत्रके व बँकेची पुस्तके जमवणे, हे कंटाळवाणे काम आहे. त्यात सभा नाही, लाल बावटा नाही, वर्तमानपत्रात छायाचित्रही नाही. परंतु त्या कायद्याखालच्या अर्जात ‘अखेरचे वेतन किती’ असा एक रकाना होता. तीस वर्षे मानधन घेतलेल्या बाईला तेथे वेतन म्हणून आकडा लिहावा लागे, आणि अधिकाऱ्याला तो कागद घेऊन त्यावर पोच द्यावी लागे.