पत संघटनेने सांभाळावी

शीव या शब्दाचा अर्थच सीमा. मुंबई बेटाची वेस येथे संपत असे आणि पलीकडे साष्टी सुरू होत असे. 1798 ते 1805 या काळात येथे बांध घालून शीव कुर्ल्याशी जोडले गेले आणि मालाला खुष्कीची वाट मिळाली. आज पूर्व द्रुतगती महामार्ग आणि पनवेलकडे जाणारा महामार्ग येथूनच ट्रकांना वाट देतात. वडाळ्याचे ट्रक टर्मिनलही जवळच आहे. या वाटेवरून माल जातो तो मात्र डांबराच्या बळावर नव्हे, शब्दाच्या बळावर. हा शब्द देणारा माणूस म्हणजे मालवाहतुकीचा दलाल.

कारखानदाराकडे माल असतो, ट्रकमालकाकडे गाडी असते. दोघांची ओळख नसते. ती जुळवणे, भाडे ठरवणे, परतीच्या फेरीसाठी भरती मिळवून देणे हे दलालाचे काम. आपल्याकडचे बहुसंख्य ट्रकमालक पाचाच्या आतल्या गाड्यांचे धनी आहेत. त्यांना दलालावाचून गत्यंतर नाही. भाड्याचा काही भाग आगाऊ मिळतो, उरलेला पोच पावती दिल्यावर. विश्वासाची कसोटी लागते ती येथे. शिल्लक भाडे महिनोन्महिने अडकते. गोदामाबाहेर गाडी खोळंबली तर भरपाईच्या वेळी सारेच हात वर करतात. मोबाईलवर ठरलेल्या सौद्यात दलालाचा पत्ताच खोटा निघतो. बुडतो तो कर्ज काढून गाडी घेतलेला छोटा मालक. त्याचा हप्ता थकला की झळ थेट त्याच्या चुलीला लागते.

कायदा नाही असे नाही. 1865 च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा ‘कॅरेज बाय रोड’ कायदा 2007 साली संमत झाला आणि 1 मार्च 2011 पासून अमलात आला. सार्वजनिक मालवाहकाच्या व्याख्येत त्याने दलालालाही आणले आणि नोंदणी सक्तीची केली. माल हरवला वा खराब झाला, तर मालवाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे माल पाठवणाऱ्यावर नाही. माल पाठवणाऱ्याला हे संरक्षण योग्यच आहे. पण काही हजारांच्या अडकलेल्या भाड्यासाठी ट्रकमालकाने न्यायालयाचे खेटे किती घालावेत? सरकारी नोंदणीने परवाना मिळतो. पत मिळत नाही.

पत निर्माण करण्याची रीत आपल्या समाजाला नवी नाही. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा शिलालेख सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर गरजांसाठी त्याने 3 हजार कार्षापणे कायम ठेव म्हणून दिली. ती ठेवली कोठे? राजकोशात नव्हे, तर गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे 2 हजार, दुसरीकडे 1 हजार. राजघराण्यातील पुरुषाने कारागिरांच्या संघटनेवर विश्वास टाकला, कारण व्यक्ती जाते, श्रेणी टिकते, आणि श्रेणीचा शब्द तिच्या प्रत्येक सभासदाला बांधून ठेवतो.

दलालांच्या व्यावसायिक संघटनेने हेच व्रत घ्यावे. सभासदत्व देण्यापूर्वी पत्ता, नोंदणी आणि पूर्वीचे व्यवहार तपासावेत. प्रत्येक सौदा लेखी असावा. भाडे, आगाऊ रक्कम, खोळंब्याचा दर आणि शिल्लक देण्याची मुदत त्यात नमूद असावी. प्रत्येक सभासदाने अनामत ठेवावी आणि बुडालेले भाडे त्यातून चुकते व्हावे. अमेरिकेत 2012 च्या कायद्याने दलालाच्या हमीची रक्कम 10 हजार डॉलरवरून 75 हजार डॉलरवर नेली. ही वाढ व्हावी म्हणून दलालांच्या संघटनेनेही पाठिंबा दिला होता, हे विशेष. तंटा उद्भवल्यास लवादाने ठरलेल्या मुदतीत निकाल द्यावा. 1996 च्या लवाद कायद्यानुसार अशा निवाड्याची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे करता येते. त्या लवादात ट्रकमालकांचा प्रतिनिधी असलाच पाहिजे. अन्यथा दलालाचा न्याय दलालानेच केल्यासारखे होईल.

मुंबईला असा अनुभव आहेच. 1969 च्या माथाडी कायद्याने स्थापन झालेल्या मंडळांत कामगार, मालक आणि शासन एकत्र बसतात. हमालाची मजुरी मालक मंडळाकडे भरतो आणि मंडळ ती कामगाराला देते. पाठीवर ओझे वाहणाऱ्याच्या घामाचे मोल जर संस्थेच्या हमीने मिळू शकते, तर चाकावर ओझे वाहणाऱ्याचे का मिळू नये?

एक धोका मात्र ओळखला पाहिजे. संघटना म्हणजे भाडे संगनमताने ठरवणारी टोळी नव्हे. 2002 चा स्पर्धा कायदा त्याला मनाई करतो आणि ते योग्यच आहे. नव्या होतकरू माणसाला दार बंद करण्यासाठीही संघटना नसते. भाव बाजाराने ठरवावा, वर्तन संघटनेने. आपल्यातील लबाडाला पाठीशी घालणारी संघटना सभासदांची संख्या वाढवील, पण प्रतिष्ठा गमावील. ज्या दिवशी ती आपल्याच वजनदार सभासदाला एका गाडीच्या मालकाचे पैसे चुकते करायला लावील, त्या दिवशी तिच्या शिक्क्याला पत येईल.