डी ड्राइव्हवरचा बॅकअप

नवा सर्व्हर आला की पहिल्या दहा मिनिटांत एक निर्णय होतो आणि मग तो सर्व्हर भंगारात जाईपर्यंत त्याकडे कुणी वळून बघत नाही. डिस्का कुठल्या रेडमध्ये बांधायच्या आणि त्यातून व्हर्च्युअल ड्राइव्ह किती काढायच्या, हा तो निर्णय. माझं याबाबतीत एक ठाम मत आहे. डिस्कांच्या एकाच गटातून तीन व्हर्च्युअल ड्राइव्ह काढून त्यातल्या एकीला 'बॅकअप' नाव देणं ही मालकाची फसवणूक आहे. करणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नसलं तरीही.

चित्र नेहमीचंच असतं. कुठल्याही एमआयडीसीतला छोटा कारखाना घ्या. टॅली, थोडी ड्रॉइंग्ज, पगाराच्या शीट्स. सर्व्हरमध्ये ४ टीबीच्या चार साध्या साटा डिस्का. व्हेंडरचा मुलगा येतो, मशीन चालू होताना कंट्रोलरच्या मेन्यूत शिरतो, चारही डिस्कांवर टिक मारतो, रेड ५ निवडतो. जागा मिळते १२ टीबी. (विंडोजमध्ये ती १०.९ दिसते आणि मालक विचारतो, बाकीची कुठे गेली? कुणी खाल्ली नाही हो, डिस्कवाले हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने.) मग त्यातून एक ड्राइव्ह विंडोजला, एक डेटाला आणि एक 'बॅकअप'ला. रोज रात्री टॅलीचा फोल्डर तिकडे कॉपी होतो. सगळे खूष!

गंमत अशी की विंडोजला यातलं काहीच कळत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा, डिस्क ०, डिस्क १, डिस्क २ अशा तीन स्वतंत्र डिस्का दिसतील. पण व्हर्च्युअल ड्राइव्ह म्हणजे कंट्रोलरने विंडोजला मारलेली थापच. खाली त्याच चार डिस्का आहेत आणि तिन्ही ड्राइव्ह त्यांच्यावर पसरल्यात. गट गेला की तिन्ही एकदम गेल्या.

वेगळ्या ड्राइव्ह काढूच नयेत असं मी म्हणत नाहीये. विंडोजसाठी छोटी वेगळी ड्राइव्ह असली तर डेटाला हात न लावता विंडोज नव्याने टाकता येतं. जुन्या बायॉसच्या मशीनवर तर बूट ड्राइव्हवरची २ टीबीच्या पुढची जागा विंडोजला वापरताच यायची नाही, तिथून ही पद्धत पडली असावी. माझा राग फक्त त्या 'बॅकअप' नावावर आहे.

मुळात रेडचा जन्म बॅकअपसाठी झालाच नव्हता. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी जो पेपर लिहिला, त्यातला युक्तिवाद साधा होता: मेनफ्रेमच्या एका अवाढव्य महागड्या डिस्कऐवजी पीसीच्या ढीगभर स्वस्त डिस्का वापरा, वेग मिळेल. पण ढीगभर डिस्का म्हणजे त्यातली एखादी सारखी बिघडणार, म्हणून थोडी जादा माहिती जवळ ठेवा, म्हणजे काम थांबणार नाही. काम थांबू नये, एवढंच. तुम्ही फाईल उडवलीत तर रेड ती इमानेइतबारे सगळ्या डिस्कांवरून उडवतं. रॅन्समवेअरने टॅलीचा डेटा कुलूपबंद केला तर ते कुलूपही रेड तितक्याच काळजीने सांभाळतं. :-)

आता रेड ५ बद्दल. एक डिस्क गेली की नवीन घालून रिबिल्ड करायचं. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने भरायची तर साडेसात तास, तेही दुसरं काहीच काम चालू नसेल तर. तेवढा वेळ उरलेल्या तीन डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, म्हणजे १२ टीबी. आणि साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की १०० लाख कोटी बिट वाचताना एखादी जागा वाचता न येणं चालतं. हे झाले साडेबारा टीबी! प्रत्यक्षात डिस्का याहून बऱ्याच चांगल्या वागतात, पण भरवसा कशावर ठेवायचा? शिवाय चारही डिस्का एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या, सारख्याच झिजलेल्या.

याच चार डिस्कांत रेड ६ किंवा रेड १० केलं तर जागा ८ टीबी मिळते. रेड ६ मध्ये कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं, फक्त छोट्या छोट्या नोंदी लिहिताना ते हळू पडतं. रेड १० मध्ये एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर संपलं, पण रिबिल्डला एकच डिस्क वाचावी लागते. टॅलीसारख्या कामाला मी डोळे मिटून १० घेईन. रेड ५ आणि एक डिस्क स्पेअर, असं कुणी सुचवलं तर त्याला विचारा, जागा तेवढीच ८ टीबी मिळणार असेल तर ती डिस्क नुसती बसवून का ठेवायची?

पण खरा घात होतो तो एक डिस्क गेल्यानंतर. कारण सगळं चालूच राहतं. कंट्रोलर बोंबलत असतो, पण सर्व्हर असतो जिन्याखालच्या खोलीत आणि ईमेल अलर्ट कुणी लावलेलाच नसतो. मी पाहिलेल्या एका ठिकाणी पहिली डिस्क कधी गेली हे कुणालाच सांगता आलं नाही. दुसरी गेली तेव्हा कळलं. डेटा गेला, बॅकअपही त्याच्याबरोबर गेला. अकाउंट्सच्या मॅडम पुढचे दोन महिने छापील बिलांच्या फायली समोर घेऊन एकेक व्हाउचर परत टाकत होत्या. व्हेंडरने तोवर नव्या सर्व्हरचं कोटेशनही पाठवलं होतं.

या मॅडमच्या दोन महिन्यांच्या पगारात बाहेरच्या दोन यूएसबी डिस्का सहज आल्या असत्या. एक सर्व्हरला, एक मालकाच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. आणि महिन्यातून एकदा घरून आलेल्या डिस्कवरचा टॅलीचा डेटा दुसऱ्या मशीनवर टाकून बघायचा, मागच्या आठवड्यातलं एखादं बिल उघडतंय का ते.