आधी मोजा, मग तक्रार करा

घरात नवा लॅपटॉप येतो आणि दोन-तीन दिवसांतच कोणीतरी त्याच्या पाठीला हात लावून म्हणते, "अरे, हा किती तापतो!" मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, यंत्र सदोष आहे, परत करा. दुसरा म्हणतो, सगळेच तापतात, दुर्लक्ष करा. आमच्या मते दोन्ही पक्ष एकच चूक करीत असतात. कोणीच काही मोजलेले नसते.

तापणे हा मुळात दोष नव्हे. लॅपटॉपमध्ये विजेच्या रूपाने शिरणारी जवळजवळ सर्व ऊर्जा अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. जड काम चालू असताना ४०-५० वॉट वीज सहज खर्च होते. म्हणजे जुन्या ४० वॉटच्या दिव्याइतकी उष्णता त्या पातळ पेटीतून बाहेर पडावयास हवी. बहुतेक प्रोसेसर सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतील असे बनविलेले असतात; त्या मर्यादेजवळ पोचताच ते आपला वेग आपणच कमी करतात.

शिवाय हात हा काही तापमापक नव्हे. एकाच तापमानाला असलेले धातूचे आवरण प्लॅस्टिकपेक्षा अधिक गरम भासते, कारण धातू उष्णतेचा सुवाहक आहे. नवा लॅपटॉप पहिले काही दिवस कार्यप्रणालीतील सुधारणा उतरवून घेणे, फायलींची सूची करणे अशी कामे मुकाट्याने करीत असतो. तेव्हाचे तापणे तात्पुरते असते.

आता हवेचा विचार करा. उष्णता किती वेगाने बाहेर पडेल हे आतल्या व बाहेरच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. आतील मर्यादा १०० अंश धरली, तर २५ अंशांच्या खोलीत हा फरक ७५ अंश मिळतो. मे महिन्यात अकोल्याला किंवा नागपूरला खोली ४० अंशांवर गेली, की तो ६० अंशच उरतो. थंड होण्याची क्षमता एक पंचमांशाने घटली! त्यात यंत्र गादीवर ठेवले, तर खालची हवेची वाटच बंद होते. दोष गादीचा आणि बोल मात्र लॅपटॉपला!

म्हणून एक साधा प्रयोग करा. आतील तापमान दाखविणारे प्रोग्रॅम विनामूल्य मिळतात. खोलीचे तापमान साध्या तापमापकाने घ्या. लॅपटॉप टेबलावर ठेवून अर्धा तास तेच ते काम करा व दर पाच मिनिटांनी आकडे वहीत लिहा. मग मागच्या कडेखाली बाटलीची दोन झाकणे ठेवून प्रयोग पुन्हा करा. शेवटी सर्व कामे बंद ठेवून आकडे घ्या.

काहीही काम चालू नसताना, सपाट टेबलावर, पहिला आठवडा उलटल्यावरही आकडा ९० च्या घरात राहिला, तर मात्र गप्प बसू नका. पंखा किंवा उष्णता वाहून नेणारी जोडणी सदोष असू शकते. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ती वही घेऊन दुकानात जा. "सगळेच तापतात" हे उत्तर अंदाजाला पुरते, आकड्यांना पुरत नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर कोणताही प्रयोग न करता यंत्र बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

शिक्षकांनाही एक विनंती. उष्णतावहनाचा धडा शिकविताना हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. लॅपटॉप घेण्यासाठी घरोघरी पै-पै साठविली जाते. तो तापला म्हणजे केवळ घाबरून खाली ठेवावयाचा पंखा विकत आणणे, किंवा सदोष यंत्र निमूटपणे पदरात घेणे, या दोन्हींत त्या पैशांचे नुकसानच आहे. ते टाळावयास एक तापमापक आणि वहीचे एक पान पुरते.